दुसऱ्याच्या हातची पोळी

देवराव लांजेवार चार दिवस दुर्गच्या दवाखान्यात होते, आणि त्या चार दिवसांत त्यांच्या कुत्रीनं, गिट्टीनं, अन्नाला तोंड लावलं नाही. शेजारच्या सुनिताबाईंनी सकाळ-संध्याकाळ फाटकावरून पोळी टाकली. एकदा तर बिचारीनं दुधात चुरून वाटी आत सरकवली. छातीत स्टेंट बसवून, मुलीच्या खांद्याचा आधार घेत देवराव पाचव्या दिवशी वैशाली नगरातल्या आपल्या घरापुढं ऑटोतून उतरले, तेव्हा अंगणात सात पोळ्या वाळून कडक झाल्या होत्या आणि दुधाच्या वाटीला मुंग्या लागल्या होत्या. गिट्टी व्हरांड्यातल्या लोखंडी पलंगाखाली भिंतीला चिकटून पडली होती. मालकाचा आवाज ऐकला तशी ती पोटानं सरपटत बाहेर आली. देवराव पायरीवर टेकले, दवाखान्यातून आणलेला बिस्किटांचा पुडा फोडला आणि एकेक बिस्कीट तिच्या तोंडात घातलं. पुडा संपल्यावर तिनं वाटीतलं शिळं दूधही मुंग्यांसकट पिऊन टाकलं, कारण आता ती वाटी देवरावांनी पुढं केली होती.

मोना, म्हणजे त्यांची पुण्याची मुलगी, बॅग हातात धरून हे सगळं बघत होती.

"बाबा, ही तर मेली असती."

"हो नं," देवराव म्हणाले, आणि आत जाऊन पडले.

पडले खरे, पण डोळा लागेना. डॉक्टरनं सांगितलं होतं की आणखी एक नस अर्धी बंद आहे, होळीनंतर तिच्याकडं बघू. देवरावांचं वय एकाहत्तर. मरणाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगी आपल्या घरी सुखात होती, मागं काही अडलेलं नव्हतं. पण आपण दवाखान्यातून परत आलो नाही तर ही कुत्री दारात पोळ्यांचा ढीग असताना उपाशी मरणार, ही गोष्ट काही केल्या त्यांच्या मनातून जाईना.

मोना आठ दिवस राहिली. रोज एकदा तरी विषय निघायचाच.

"तुम्ही पुण्याले चला ना बाबा. कब तक अकेले रहोगे?"

"अन् हिले कुठी ठेवू?"

"शेल्टर असतात. चांगले असतात, मी चौकशी करते."

"तिथं कोनाच्या हातचं खाईन हे?"

मोना निघाली त्या दिवशी देवराव फाटकाशी उभं राहून म्हणाले, "होळीपर्यंत हिले दुसऱ्याच्या हातचं खायाले शिकवतो. मंग पाहू पुण्याचं अन् बाकीचं."

आता बोलायला काय जातं! गिट्टी म्हणजे घाबरटपणाचा अर्क होती. पाच वर्षांपूर्वी देवरावांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, ती रेल्वे फाटकाजवळच्या गिट्टीच्या ढिगावर सापडली. रंगही तसाच, करडा-काळा, रुळाखालच्या खडीसारखा, म्हणून नाव गिट्टी. तिला स्कूटरची भीती, छत्रीची भीती, टोपीवाल्या माणसाची भीती, कुकरच्या शिट्टीची तर फारच. वच्छलाबाई होत्या तोवर त्यांच्या साडीला चिकटून ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तरी जायची. त्या गेल्या, तेव्हापासून तिनं फाटक ओलांडलं नव्हतं. देवरावांनीही कधी जोर केला नाही. खरं सांगायचं तर ते स्वतःही कामाशिवाय फाटक ओलांडत नसत.

याला कारण होतं. देवरावांची सारी उमर मालगाडीच्या इंजिनावर गेली. तुमसरकडच्या एका खेड्यातून सव्विसाव्या वर्षी असिस्टंट म्हणून लागले ते ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. हल्ली लोको पायलट म्हणतात. देवराव ड्रायव्हरच म्हणायचे. मालगाडीला ना वेळ ना काळ. जग जागं असताना ते खिडकीला चादर लावून झोपायचे, आणि गल्लीत लग्नं-बारशी असायची तेव्हा ते कुठल्या तरी रनिंग रूममध्ये, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, दुसऱ्याच्या हातची खिचडी खात असायचे. माणसं जोडली ती वच्छलाबाईंनी. गल्लीत त्यांना सगळे 'वच्छलाबाईंचे मिस्टर' म्हणूनच ओळखत. बाई गेल्यावर महिनाभर लोक येऊन बसले. देवरावांना काय बोलावं ते सुचेना, लोकांनाही सुचेना, मग येणं थांबलं. त्यात कुणाची चूक नव्हती. पण दिवसभरात तोंडातून निघालेला एकुलता एक शब्द 'गिट्टी' असायचा, असे दिवस त्यांनी किती काढले ते त्यांनाच ठाऊक. घर त्यांना खायला उठायचं.

दिवाळीचे फटाके संपू दिले आणि मग देवरावांनी काम हाती घेतलं. दुपारी चारला, गल्ली निजलेली असताना, पट्टा लावून ते फाटकाशी यायचे. पहिले तीन दिवस गिट्टी चारही पाय रोवून उभी राहिली. चौथ्या दिवशी दोन पाय बाहेर, दोन आत. खिशात टोस्टचे तुकडे असायचे. आठवडाभरात सुनिताबाईंच्या फाटकापर्यंत मजल गेली. देवरावांना वाटलं, जमतंय.

आणि इथं त्यांच्यातला ड्रायव्हर जागा झाला. इंजिनावर एक रीत असते. समोर सिग्नल दिसला की असिस्टंट त्याचा रंग मोठ्यानं ओरडून सांगतो, 'डबल पीला!' ड्रायव्हरनंही तेच ओरडून परत सांगायचं, 'डबल पीला!' म्हणजे दोघांनीही पाहिलं, कुणी डुलक्या घेत नाही. चौतीस वर्षं देवरावांनी हे केलं होतं. त्यांना वाटलं, या बिचारीला पुढं काय येतंय ते आधी कुणी सांगतच नाही, म्हणून ती दचकते. आपण सांगू. झालं! लांबून स्कूटर दिसली की देवराव पट्टा आखडून ओरडायचे, "स्कूटर!" पोरं दिसली की, "पोट्टे!" छत्री दिसली की, "छत्री!" आणि तिच्याकडं असं बघायचे की जणू आता तिनं 'छत्री!' म्हणून उलट सांगावं. ती सांगत नव्हती. ती लटलटा कापायची आणि घराकडं ओढ घ्यायची. देवराव म्हणायचे, शिकते आहे, हळूहळू शिकेल.

असा महिना गेला. गिट्टी कोपऱ्यापर्यंत जायची, पण रोज थोडी अधिक कापायची.

कोपऱ्यावर मथुरा बसायची. रसमड्याकडच्या कुठल्याशा गावातून ती रोज दिराच्या ऑटोत टोपल्या घालून यायची आणि पोत्यावर भाजी मांडायची. लाल भाजी, चेच भाजी, थंडीत तिवऱ्याची कोवळी भाजी. पन्नाशीची, तोंडानं फटकळ. वच्छलाबाई तिच्याकडूनच भाजी घ्यायच्या, म्हणून देवरावही घेत. एका दुपारी देवराव तिच्यासमोर उभे राहून "सायकल!" म्हणून ओरडले आणि गिट्टी थेट नालीत शिरली. मथुरा भाजीवर पाणी शिंपडत होती. तिनं मानही वर केली नाही.

"कुकुर नइ डर्रावत हे बबा, तैं डर्रावत हस."

कुत्री नाही घाबरत, आजोबा, तू घाबरतोस. छत्तीसगढीत आजोबालाही 'तैं'च म्हणतात, त्यात अपमान नसतो. देवरावांना मात्र झोंबलं. चौतीस वर्षं हजारो टन माल ओढलेला माणूस, आणि ही भाजीवाली मला घाबरट म्हणते! नालीतून कुत्री ओढून काढून ते तरातरा घरी आले. पुढचे दहा दिवस त्यांनी मथुराकडून भाजीची काडीही घेतली नाही. लांबच्या बाजारात जाऊन शिळे दोडके आणले आणि चवीनं खाल्ल्यासारखे खाल्ले. नाकाचा शेंडा लाल व्हायला वय आड येत नाही.

मग एका रविवारी मोनाचा फोन आला. देवराव खुर्चीत, गिट्टी पायाशी पोटावर ऊन घेत झोपलेली. मोनानं गल्लीची खबरबात विचारली. सांगण्यासारखं होतंच काय! देवराव म्हणाले, "सुनिताबाईनं नवी स्कूटर घेतली."

'स्कूटर' म्हणताच गिट्टी झोपेतून ताडकन उठली आणि पलंगाखाली जाऊन भिंतीला चिकटली.

देवराव बघत राहिले. दारात स्कूटर नव्हती, आवाज नव्हता, काही नव्हतं. त्यांनी हळूच म्हणून पाहिलं, "छत्री." पलंगाखालून बारीक कण्हण्याचा आवाज आला.

"बाबा? हॅलो? काय झालं? कावून बोलून नाही राहिले?"

"काही नाई बाई," देवराव म्हणाले. "मंग करतो फोन."

ते पलंगाशी जमिनीवर बसले. महिनाभर आपण हिला धीर देतो आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि दिली होती ती भीती. जे तिला नुसतं दिसून गेलं असतं, त्याची आपण दवंडी पिटली, गळ्यातला पट्टा आवळून. आणि ओरडताना आपला आवाज कसा असतो, ते त्यांना आता आठवलं. मालगाडी एवढ्या लांब अंतरात थांबते की पुढचं माणूस दिसून उपयोग नसतो. त्यांच्या नोकरीत तीन वेळा रुळावर माणूस आलं होतं. तिन्ही वेळा ते असेच ओरडले होते. याबद्दल ते वच्छलाबाईंशीही कधी बोलले नव्हते. त्या विचारायच्या, आज जेवण कावून नाई गेलं? ते म्हणायचे, ॲसिडिटी.

"चुकलो वं माय," ते पलंगाखाली बघून म्हणाले. "लय चुकलो."

पण माणूस रेल्वेचा, रीत कशी सोडणार? विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं की इंजिनावर फक्त लाल-पिवळा ओरडत नाहीत. हिरवासुद्धा ओरडतात. नियमच आहे. शंभरातले नव्वद सिग्नल हिरवेच असतात, आणि तो ओरडताना आवाज कसा सैल असतो, हात चहाच्या पेल्यावर असतो. महिनाभर त्यांनी गिट्टीला एकही हिरवा सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून देवराव पट्टा ढिला सोडून, पेंगुळल्या आवाजात, जे येईल त्याला हिरवा द्यायला लागले. "दूधवाला, हरा." "गाय, हरा." "टोपीवाले काका, हरा." जुने शब्द त्यांनी टाकलेच, स्कूटरला ते 'दुचाकी' म्हणू लागले. गल्लीला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सुनिताबाई फाटकाशी येऊन काळजीनं म्हणाल्या, "भाऊजी, बरं वाटून नाही राहिलं का?" मग देवरावांना सगळं समजावून सांगावं लागलं, सिग्नल, असिस्टंट, डबल पीला, सगळं. बोलता बोलता पाऊण तास गेला. सुनिताबाईंनी आतून चहा आणला. घरी परतताना देवरावांचा घसा दुखत होता, इतकं ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

गिट्टी काही रातोरात वाघीण झाली नाही. पण तिनं मान वर करून चालायला सुरुवात केली. मथुराच्या पोत्यापासून आधी दहा पावलं, मग पाच. देवरावांनी मान खाली घालून तिवऱ्याची भाजी मागितली. मथुरानं नेहमीपेक्षा मूठभर जास्त घातली आणि दहा दिवस कुठं होतास म्हणून विचारलं नाही.

"इसको तेरे हाथ से खाना सिखाना है," देवराव त्यांच्या विदर्भी हिंदीत म्हणाले.

"त ओला झन देख," मथुरा म्हणाली. "अपन मन ले आही."

तिच्याकडं बघू नकोस, आपल्या मनानं येईल. मथुरानं ते पाळलं. पूर्ण पौष महिना तिनं त्या कुत्रीकडं ढुंकून पाहिलं नाही. गिट्टी येऊन बसायची, टोपलीचा वास घ्यायची, परत जायची. देवराव पोत्याच्या कडेला वीट ठेवून बसू लागले. गिऱ्हाइकं त्यांना भाव विचारायची, ते सांगायचे, कधी चुकीचा सांगून मथुराचा ओरडा खायचे. घरी जायला सहा वाजायचे. घर मात्र तसंच होतं. कुलूप काढून दिवा लावला की आत कुणी 'आले का?' म्हणत नाही, हे त्यांना रोज नव्यानं कळायचं.

माघात एका दुपारी मथुरा डबा उघडून फरा खात होती, तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या लांबट वळकट्या. एक वळकटी तिनं मांडीजवळ हातातच धरून ठेवली आणि तोंड दुसरीकडं करून एका बाईशी मिरचीवरून भांडत बसली. गिट्टी उठली. तिनं नाक पुढं केलं, मागं घेतलं, परत पुढं केलं आणि फरा अलगद ओढून घेतला. मथुराचं भांडण चालूच होतं. गिट्टीनं खाल्लं, ओठ चाटले आणि तिच्या गुडघ्याशी बसली.

ज्याच्यासाठी तीन महिने जिवाचं रान केलं ते झालं होतं. देवरावांनी 'वा गं पोरी' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांना एकदम पोरकं वाटलं. या जगात आपल्यावाचून अडणारं एवढं एकच जनावर होतं, आणि आपणच खपून तिचं अडणं बंद केलं. असं वाटलं याची त्यांना लाजही वाटली. ते उगाच मिरच्या निवडायला लागले.

होळी जवळ आली तसं त्यांनी मथुराला विचारलं. पुष्कळ दिवस मनात घोळवून, शेवटी भाजी पिशवीत घालता घालता.

"मथुरा, मेरे को कुछ हो गया तो इसको रखेगी क्या?"

मथुरानं पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं. "मोर घर म दू ठन छेरी हे," ती म्हणाली. दोन शेळ्या आहेत घरी. "एक ठन कुकुर अउ सही." त्यात एक कुत्री आणखी. आणि मग रागावल्यासारखी, "फेर तैं लहुट के आबे, बबा." पण तू परत ये.

होळी झाली. मोना पुण्याहून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. दुपारी मथुराच्या दिराचा ऑटो रिकाम्या टोपल्या न्यायला आला, तेव्हा देवराव गिट्टीला घेऊन कोपऱ्यावर गेले. तिला अंघोळ घातली होती. पट्टा मथुराच्या हातात देताना त्यांची बोटं लवकर सुटेनात.

मथुरा ऑटोत चढली. गिट्टी खाली उभी. ऑटोचं इंजिन धडधडत होतं, आणि अशा धडधडीला ती किती भ्यायची हे देवरावांना ठाऊक होतं. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटत होतं, नाहीच चढली तर बरं. मथुरानं बोलावलं नाही, नुसती मांडीजवळची जागा रिकामी केली. गिट्टीनं पुढचे पाय वर ठेवले, मग मागचे, आणि टोपल्यांच्या मधे मथुराच्या गुडघ्याला पाठ लावून बसली. ऑटो निघाला. देवरावांना वाटलं, वळणावर ती मागं बघेल. नाही बघितलं. वाऱ्याला नाक लावून ती पुढं बघत होती. हाक त्यांच्या गळ्यापर्यंत आली होती. एकदा नुसतं 'गिट्टी' म्हटलं असतं तर तिनं चालत्या ऑटोतून उडी घेतली असती. देवराव तोंडावर हात दाबून उभे राहिले, ऑटो मुख्य रस्त्याला लागेपर्यंत.

संध्याकाळी सातला मथुराचा फोन आला. मोना समोर बसून दवाखान्याचे कागद लावत होती.

"खाइस बबा," मथुरा तिकडून मोठ्यानं ओरडत होती. "दू ठन रोटी खाइस, अउ मांगत हे." दोन पोळ्या खाल्ल्या, आणखी मागते आहे.

देवराव "अच्छा" म्हणाले. परत एकदा "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांनी चष्मा काढला आणि खुर्चीत वाकून, आवाज करून, लहान पोरासारखे रडायला लागले. वच्छलाबाई गेल्या तेव्हाही ते असे रडले नव्हते. मोना घाबरून उठली, कागद खाली पडले.

"बाबा! काय झालं? खाल्लं नाही का तिनं?"

"खाल्लं," देवराव म्हणाले. "खाल्लं नं बाई तिनं."